लेन्स घ्यायच्या आधी

मागच्या खेपेला आपण सोयाबीनचं घरचं बियाणं गोणपाटावर उगवून कसं तपासायचं ते पाहिलं. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल बोलणार आहोत. कोणत्या फोटोला कोणती लेन्स लागते, कोणती उगाच घेतली जाते, आणि हातातल्या मोबाईलवर किती भागतं.

कुणी म्हणेल, गटाच्या बायांना लेन्सचं काय काम? आम्हालाही आधी तसंच वाटायचं. आम्ही म्हणजे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही चौघी. गटाची बैठक झाली की मोबाईल काढायचा, सगळ्यांना ओळीत बसवायचं, फोटो काढायचा आणि वर पाठवायचा, एवढंच आमचं फोटोचं ज्ञान.

मग एका गटातल्या मावशी वारल्या. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून लेकीनं सगळं घर धुंडाळलं. सापडला तो आधार कार्डावरचा. लेक आमच्याकडे आली. म्हणाली, "ताई, बैठकीचे एवढे फोटो काढता तुम्ही, त्यात माझी माय असंल की." आम्ही मोबाईल उघडून जुने-नवे सगळे फोटो पाहिले. मावशी प्रत्येक फोटोत होत्या, पण त्यांची सवय कडेला बसायची. आणि कडेला बसलेल्या माणसाचा चेहरा आमच्या फोटोत आडवा ताणलेला, डोकं एका बाजूला ओढल्यासारखं. लेक बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही माझी माय दिसतच नाही."

त्यात मावशींचा दोष नव्हता, मोबाईलचाही नव्हता. इतकी वर्षं आम्ही चेहऱ्याचा फोटो चुकीच्या लेन्सनं, चुकीच्या जागी उभं राहून काढत होतो. तेव्हापासून आम्ही हे शिकायला लागलो. शिकता शिकता त्याचा छंद लागला. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

दार, खिडकी आणि फुंकणी

लेन्स म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. तिच्यावर एक आकडा लिहिलेला असतो, तो मिलिमीटरमध्ये. १८, ३५, ५०, २००, ३०० असा. हा आकडा समजला की निम्मं काम झालं.

घराच्या दारात उभं राहिलं की सगळं अंगण दिसतं. गोठा, तुळस, रस्ता, समोरचं घर, सगळं. पण प्रत्येक वस्तू लहान दिसते. खिडकीतून पाहिलं तर थोडंच दिसतं. आणि चुलीची फुंकणी डोळ्याला लावून पाहिलं तर फक्त तुळशीचा शेंडा दिसतो. लेन्सचा आकडा लहान म्हणजे दार, मधला म्हणजे खिडकी, मोठा म्हणजे फुंकणी. फरक एवढाच की फुंकणीतून वस्तू मोठी दिसत नाही. मोठ्या आकड्याची लेन्स तेवढाच तुकडा मोठा करून सगळ्या फोटोभर पसरवते.

ज्या लेन्सवर १८-५५ असे दोन आकडे असतात ती झूम लेन्स. ती फिरवली की दाराची खिडकी होते. एकच आकडा असेल तर ती फिरत नाही, आपल्यालाच पुढेमागे चालावं लागतं.

आज आम्ही जे आकडे सांगू ते साध्या, लहान चिपच्या कॅमेऱ्यांचे आहेत. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडून जुने म्हणून जे मिळतात ते बहुतेक असेच. आतली चिप लहान असली की ५० ची लेन्स मोठ्या चिपच्या कॅमेऱ्यावरच्या ७५ किंवा ८० सारखी वागते. म्हणून पुस्तकातला आकडा आणि आपला आकडा जुळला नाही तर गोंधळू नका.

दुसरा आकडा: वाटणीचा हिशोब

लेन्सवर आणखी एक आकडा असतो. १.८, ३.५, ५.६ असा. लेन्सचं तोंड जास्तीत जास्त किती उघडतं, म्हणजे उजेड किती आत येतो, ते यावरून कळतं. इथे सगळ्यांची एक गफलत होते: आकडा लहान तर तोंड मोठं.

हे उलटं का, ते शेताच्या वाटणीसारखं आहे. जमिनीचा चौथा हिस्सा मोठा की आठवा? चौथा. इथेही तेच. ४ म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरचा चौथा हिस्सा एवढं तोंड, ८ म्हणजे आठवा हिस्सा. तोंड दुप्पट रुंद झालं की उजेड चौपट येतो.

कॅमेऱ्यासोबत बहुतेक वेळा १८-५५ ची लेन्स मिळते. ती ५५ वर नेली की तिचं तोंड ५.६ च्या वर उघडत नाही. त्याच जागी ५० ची १.८ वाली लेन्स लावली तर उजेड जवळजवळ दहापट येतो. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या बाईचा फोटो एका बल्बच्या उजेडात काढून बघा, फरक लगेच दिसेल. एकीत हात हलल्यासारखे पुसट येतात, दुसरीत बोटं मोजता येतात.

पण मोठ्या तोंडाला एक खोड आहे. १.८ वर फोटोतला अगदी थोडा भाग स्पष्ट येतो, मागचं-पुढचं विरघळल्यासारखं दिसतं. एका चेहऱ्याला ते छान दिसतं. तेही जवळून काढला तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट होतो. गटातल्या पंधरा जणी दोन ओळींत बसल्या असतील तर मागची ओळ पुसट होईल. तिथे आकडा ५.६ किंवा ८ ठेवायचा.

आता आपल्याला फोटो कशाचा काढायचाय?

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा असावा, लेन्स कोणती चांगली हा नव्हे. एकेक प्रकार घेऊ.

माणसांचे चेहरे. आम्हाला सगळ्यात जास्त गरज याची होती. मोबाईल एका फुटावर धरून आजीचा फोटो काढला की तिचं नाक बारा इंचांवर असतं आणि कान सोळा-सतरा इंचांवर. म्हणजे नाक कानापेक्षा खूपच जवळ, म्हणून ते मोठं दिसतं आणि कान मागे पळतात. तेच सहा फूट मागे सरकलं तर नाक बहात्तर इंचांवर आणि कान शहात्तर इंचांवर. आता फरक नावालाच उरला, म्हणून चेहरा आपण रोज पाहतो तसा येतो. चेहरा बिघडतो तो अंतरामुळे. मोठ्या आकड्याच्या लेन्सचं काम एवढंच की लांब उभं राहूनही चेहरा फोटोत भरतो. यासाठी ५० ची १.८ वाली लेन्स उत्तम, आणि ती सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक आहे.

मावशींचा चेहरा ताणला गेला तो मात्र दुसऱ्या कारणानं. मोबाईलची नेहमीची लेन्स दारासारखी रुंद असते, आणि रुंद लेन्स कडेच्या वस्तू बाहेर ओढते. जेवढी कड जवळ तेवढी ओढ जास्त. म्हणून बैठकीचा फोटो घेताना मागे सरका, दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा सोडा. तुमच्या मोबाईलला ०.५ चं बटण असेल तर माणसांसाठी ते वापरूच नका.

घरं, देवळं, लेणी, बाजार. इथे दारासारखी लेन्स पाहिजे. लातूरची गंजगोलाई, जिला सोळा रस्ते येऊन मिळतात, ती खिडकीतून मावणार नाही. औसा तालुक्यातल्या खरोसा लेण्यांच्या आत मागे सरकायला जागा नाही आणि उजेडही कमी. तिथे १८ चालते, १० किंवा ११ पासून सुरू होणारी असेल तर खोली पूर्ण येते. पण रुंद लेन्स वर तिरपी केली की खांब आत झुकल्यासारखे दिसतात. कॅमेरा सरळ धरा, लागलं तर मागे जा. देगलूर तालुक्यातल्या होट्टलला चालुक्य काळातली मंदिरं आहेत. आमच्यातल्या दोघी तिथे गेल्या तेव्हा सगळा वेळ १८ वर देऊळ काढत बसल्या. घरी येऊन पाहिलं तर भिंतीवरच्या मूर्ती मुंगीएवढ्या. दुसऱ्या खेपेला त्याच लेन्सला ५५ वर नेलं, सकाळचं तिरपं ऊन असताना काढलं, तर मूर्तीच्या गळ्यातला दागिना दिसला. नवी लेन्स लागलीच नाही.

यात्रा आणि कार्यक्रम. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गुरं, पाल, फुगे, गर्दी. तिथे लेन्स बदलत बसलात तर आत धूळ जाते आणि फोटोही हुकतो. एकच लेन्स न्यावी. १८-५५ पुरते, १८-१४० सारखी लांब झूम असली तर लांबून घोड्याचा फोटोही मिळतो. मोठ्या आकड्याला आणखी एक गुण आहे: लांबून काढलं की मागचं आणि पुढचं एकमेकांजवळ आल्यासारखं दिसतं, म्हणून गर्दी दाट वाटते. रात्रीच्या भजनाला किंवा हळदीकुंकवाला मात्र झूम अपुरी पडते. तिथे ३५ ची १.८ वाली लेन्स घरच्या खोलीत बरोबर बसते. ५० घेतली तर पाठ भिंतीला लागते.

बारीक वस्तू. करडईच्या फुलावरची मधमाशी, तुरीच्या शेंगेतली अळी, गोधडीचा टाका, तांड्यावरच्या आपल्या लमाण भगिनींच्या कशिद्यातले आरसे. यासाठी मॅक्रो नावाची लेन्स येते, ९० किंवा १०० च्या आसपासची. ती महाग असते. छंदाला म्हणून आधी दोन स्वस्त उपाय करून बघा. एक, मोबाईलला चिमट्यानं लावायचं मॅक्रो भिंग. दोन, कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये लावायच्या पोकळ कड्या, ज्यांना एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. त्यात काचच नसते, त्या फक्त लेन्सला कॅमेऱ्यापासून लांब करतात, त्यामुळे लेन्स अगदी जवळची वस्तूही स्पष्ट दाखवते. चिमट्याच्या भिंगांमध्येच लांबचं जवळ दाखवणारंही विकतात. तसलं स्वस्त भिंग आम्ही वापरून पाहिलं, कडा पुसट आल्या.

पाखरं. विष्णुपुरीच्या पाण्यावरचे बगळे, तारेवरचा वेडा राघू, शेतातली टिटवी. इथे फुंकणीच पाहिजे, ३०० पर्यंत जाणारी. ५५-२५० किंवा ७०-३०० या लेन्सनं सुरुवात करता येते. एक हिशोब लक्षात ठेवा: लेन्स ३०० वर असेल तर फोटो एका सेकंदाच्या तीनशेव्या भागापेक्षा कमी वेळात निघाला पाहिजे, लहान चिपला तर पाचशेव्या. नाहीतर आपल्या हाताची थरथर फोटोत येते. म्हणजे ऊन लागणार. पाखरांचे फोटो सकाळचेच काढावेत. मोबाईलवर दोन बोटांनी ताणून पाखरू मोठं केलं तर तो झूम नव्हे, तो फोटोचा कातरलेला तुकडा.

आमची फसगत

आमच्यातल्या एकीच्या भावानं जुना कॅमेरा दिला, सोबत १८-५५. आम्हाला वाटलं, छोट्या लेन्सनं काय होणार? चौघींनी खिशातले साडेसहा हजार घातले आणि एका दुकानातून जुनी ७०-३०० आणली. मोठी, लांब, दिसायला भारी. घरी आणून उजेडाकडे धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी. ती बुरशी होती. दमट जागी बंद पेटीत पडून राहिलेल्या लेन्सला ती लागते, आणि काच साफ करून घ्यायचा खर्च कधी कधी लेन्सच्या किमतीपर्यंत जातो. शिवाय आम्हाला काढायचे होते चेहरे, त्या लेन्सची गरजच नव्हती. दुकानदारानं परत घेतली नाही. आमचीच घाई नडली.

म्हणून जुनी लेन्स घ्यायची तर एवढं करा. आपला कॅमेरा सोबत न्या आणि लावून बघा. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसत नाही, आणि एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या तऱ्हेच्या कॅमेऱ्यांचा सांधाही वेगळा असू शकतो. लेन्सच्या मागून मोबाईलची बॅटरी लावून पुढून आत बघा: जाळं, डाग, धुकं. कड्या फिरवून बघा, अडकतात का. फोटो आपोआप स्पष्ट होतो का ते तपासा. निकॉनच्या काही साध्या कॅमेऱ्यांत मोटर नसते. त्यांवर जुन्या पद्धतीची लेन्स लावली तर फोकस हातानंच करावा लागतो. आणि लेन्स घरी आली की हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल शोषून भरले, ते बदला. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, कोंडा आत जातो. आणि हात जोडून सांगतो, पदरानं पुसू नका. पदराला धूळ, पीठ, हळद असते, काचेवर ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्यानं हवा मारा, मग मऊ कापडानं हलकं पुसा. मोबाईलची लेन्सही दर वेळी मऊ, स्वच्छ कापडानं पुसावी. अर्धे धुरकट फोटो बोटाच्या तेलाचे असतात.

आधी आपलेच फोटो बघा

विकत घ्यायच्या आधी एक बिनपैशाचं काम करा. कॅमेऱ्यातला किंवा मोबाईलमधला फोटो उघडून त्याची माहिती बघितली की तो किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. आपल्याला आवडलेले शंभर फोटो काढा आणि वहीत रेघा मारा, जशी आपण गटाची हजेरी मारतो. आम्ही हे केलं. निम्म्याहून जास्त रेघा ५० ते ५५ च्या घरात पडल्या. २०० ची आठवण एकदाही झाली नव्हती. मग आम्ही ५० ची लेन्स घेतली, आणि तेव्हापासून बुरशीची ती लांब लेन्स बैठकीत सगळ्यांना दाखवायला ठेवली आहे.

तुमच्या रेघा १८ वर पडल्या तर तुम्हाला दार आवडतं. सगळ्या ५५ वर अडकल्या आणि तरी कातरून मोठं करावं लागतं असं असेल तर तुम्हाला खरंच लांब लेन्स हवी. आणि १८-५५ लाच सगळं जमत असेल तर पैसे वाचले. छंदासाठी गटाचं कर्ज काढू नका, हे आम्ही स्पष्ट सांगतो. तिघी-चौघींनी मिळून एक लेन्स घ्यावी, नोंदवहीत नाव लिहून आठ-आठ दिवस वापरावी.

कॅमेऱ्यामागची बाई

मैत्रिणींनो, कॅमेरा हे बाईचं काम नाही असं अजूनही कानावर येतं. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जायचे. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, ते त्यांच्याच नावावर.

आणि एवढ्या लांबही जायला नको. उदगीर, बीदर करून पुढे गेलं की झहीराबाद लागतं. तिथे पस्तापूरच्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघातल्या दलित शेतकरी बाया व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यांच्यातल्या बहुतेकींनी शाळा पाहिली नव्हती. त्यांनी फोटोच्या कोनांना आपली नावं दिली. वरून खाली बघत घेतलेला तो पटेल शॉट, कारण जमीनदार असाच बघतो. आणि डोळ्याला डोळा लावून, समोरासमोर बसून घेतलेला तो संघम शॉट, कारण संघात सगळ्या एका उंचीवर बसतात. आम्ही हे ऐकलं तेव्हापासून जमिनीवर बसलेल्या बाईचा फोटो उभ्यानं काढत नाही. लेन्स कितीही चांगली असो, आपणही खाली बसायचं.

फोटो काढायच्या आधी विचारायचं, हेही त्यातच आलं. यात्रेत, तांड्यावर, कुणाच्या अंगणात. ती नको म्हणाली तर कॅमेरा खाली.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला. घरं गेली तसे भिंतीवरचे फोटोही मलब्याखाली गेले. त्या भागात बैठकीला जातो तेव्हा अजून कुणीतरी म्हणतं, "आमच्या सासूबाईंचा एकपण फोटो नाही." त्यामुळे फोटो नुसता मोबाईलमध्ये ठेवू नका. कागदावर छापून घ्या, दोन प्रती करा, एक लेकीच्या घरी द्या.

आता पुढच्या बैठकीचं काम. प्रत्येक गटानं आपल्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईचा एक फोटो काढायचा. नवी लेन्स लागत नाही. सकाळी तिला दारातल्या उजेडाकडे तोंड करून बसवा. मोबाईलची काच पुसा. सहा फूट मागे सरका, २ चं बटण असेल तर दाबा. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर तुम्हीही बसा. आणि लगेच काढू नका. आधी पेरणीचं, नातवाचं काहीतरी विचारा, ती बोलू लागली की मग काढा.

मावशींच्या लेकीला आम्ही शेवटी बैठकीच्या एका जुन्या फोटोतला तुकडा मोठा करून दिला. त्यात मावशी योगायोगानं मधोमध बसल्या आहेत. फोटो पुसट आहे, पण चेहरा त्यांचाच आहे. त्याच दिवशी आमच्यातल्या एकीनं लेकीलाही दारात बसवलं, ५० ची लेन्स लावली आणि तिचा फोटो काढला.

पुढच्या भेटीत शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.